कोणती गोचीड माणसाला चावते? कोकणातली ओळख, तपासणी आणि बंदोबस्त

गुराच्या कानामागे किंवा आचळांजवळ लटकलेली टपोरी, राखाडी गोचीड दिसली की अंगावर काटा येतो. खरं तर ती तुम्हाला चावण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. तिचं पोट भरलंय, तिला आता खाली पडून अंडी घालायची आहेत, आणि तिच्या जातीला माणसाच्या रक्ताची फारशी गोडीही नाही. कोकणात माणसाला चावते ती बहुतेक वेळा खसखशीच्या दाण्याएवढी, काजूखालच्या पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पाल्यात, दबा धरून बसलेली, आणि चावून दीड-दोन दिवस झाले तरी पत्ता लागू न देणारी. भीती एकीची आणि चावा दुसरीचा, अशी गल्लत झाली की उपायही भलत्याच जागी होतात. गोठ्यात फवारणी होते आणि घरातली माणसं चपला घालून काजू वेचायला जातात.

गोचीड दिसली की तीन गोष्टी बघायच्या: तिचं वय, तिची जात आणि ती सापडली ती जागा.

आधी वय

अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला लार्वा म्हणतात. त्याला सहा पाय असतात आणि ते बारीक रव्याच्या कणाएवढं, साधारण अर्धा मिलिमीटर असतं. लार्वा एकटा सापडत नाही. एका मादीची अंडी एकाच जागी फुटतात, त्यामुळे एखाद्या पानावर पाय लागला की पोटरीवर एकदम पन्नास-शंभर ठिपके चढतात. रक्त पिऊन कात टाकली की तो निम्फ होतो: आठ पाय, एक ते दीड मिलिमीटर, म्हणजे खसखस. निम्फने रक्त पिऊन पुन्हा कात टाकली की पूर्ण वाढलेली गोचीड, उपाशी असताना तिळाएवढी. मादी पोटभर प्यायली की वाटाण्याएवढी फुगते. नर तसा फुगत नाही, कारण त्याच्या पाठीवरची टणक ढाल पूर्ण पाठ झाकते. मादीची ढाल डोक्यामागच्या थोड्याच भागावर असते, बाकीची कातडी ताणली जाते.

खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवा. घड्याळजीच्या भिंगानेही काम भागतं. पाय मोजता आले की निम्मी ओळख झाली.

एका घरी जेवणारी आणि तीन घरं फिरणारी

जातीजातीत एवढा फरक का, याचं उत्तर त्यांच्या जेवणाच्या पद्धतीत आहे. काही जाती लार्वा असताना एका गुरावर चढतात आणि निम्फ, पूर्ण गोचीड, सगळं तिथेच होऊन अंडी घालायलाच खाली उतरतात. त्यांना आयुष्यात एकदाच यजमान शोधायचा असतो, आणि तो गाय-बैल-म्हैस असतो. दुसऱ्या जाती प्रत्येक अवस्थेत एकदा जेवतात, जेवण झालं की खाली पडतात, जमिनीवर कात टाकतात आणि नवा यजमान शोधतात. तीन वेळा शोध म्हणजे चुकीच्या प्राण्यावर चढायच्या तीन संधी. त्यातही लहान वयात बहुतेक जाती फार चोखंदळ नसतात. उंदीर, चिचुंद्री, रानकोंबडी, माकड, माणूस, जो जवळून जाईल तो चालतो.

गोचीड उडी मारत नाही आणि झाडावरून टपकतही नाही. उडी मारते ती पिसू. गोचीड गवताच्या किंवा पानाच्या टोकावर जाऊन पुढचे दोन पाय पसरून थांबते. त्या पायांवर श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास आणि ऊब ओळखणारा अवयव असतो. तुम्ही घासून गेलात की ती पकडते आणि मग वर चढत जाते. मानेवर सापडलेली गोचीडही बहुधा पायावरूनच वर आलेली असते.

जातवार हिशेब

गुरांची नेहमीची गोचीड म्हणजे रिपिसेफॅलस मायक्रोप्लस. आखूड तोंड, फुगल्यावर निळसर राखाडी. एका घरी जेवणारी ती हीच. गुरावर सुमारे तीन आठवडे काढते, खाली पडते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. माणसाला क्वचितच चावते. गवत कापताना तिचे लार्वा हातापायांवर चढतात, खाज येते, पण बहुतेक चिकटत नाहीत. गाईचं दूध आटवण्यात आणि तिला ताप आणण्यात ही पटाईत, तुमच्यासाठी मात्र सगळ्यात कमी धोक्याची.

कुत्र्याची तपकिरी गोचीड, रिपिसेफॅलस सँग्विनियस, हिचं वागणं जरा फसवं आहे. तीन घरं फिरणारी असूनही तिला तिन्ही वेळा कुत्राच लागतो. रानात फारशी नसते, घरात असते. जेवण झालं की ही खाली न राहता वर चढते: भिंत, दाराची चौकट, छताची कड. कोकणातल्या जांभ्या चिऱ्याच्या भिंतींना असलेली भोकं आणि सांधे म्हणजे हिची हक्काची बिऱ्हाडं. नेहमीच्या दिवसांत माणसाला क्वचित चावते, पण दोन परिस्थितींत चावते. एक, गोचिडी फार वाढल्या आणि कुत्रा अचानक घरातून गेला किंवा मेला, तर भिंतीतल्या उपाशी गोचिडी दुसरं काही शोधतात. दुसरी, उष्णता. प्रयोगशाळेत कुत्रा आणि माणूस असे दोन पर्याय ठेवून पाहिलं, तेव्हा तापमान ३८ अंशांच्या घरात गेल्यावर या गोचिडीच्या उष्ण प्रदेशातल्या वाणाचा कल माणसाकडे झुकलेला दिसला. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या पडवीत कुत्र्याशेजारी झोपणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. हिच्या चाव्यातून गोचीड-टायफस, म्हणजे अंगावर पुरळ आणणारा ताप, होऊ शकतो.

आता खरी मंडळी. हिमाफिसॅलिस स्पिनिजेरा ही सह्याद्रीच्या उतारावरच्या आणि पायथ्याच्या जंगलातली गोचीड. लालसर तपकिरी, डोळे नसलेली. भिंगाखाली तोंडाजवळच्या दोन मिशा बाहेरच्या बाजूला कोन करून फाकलेल्या दिसतात, ही या कुळाची खूण. पूर्ण वाढलेली मादी गुरं, गवे, सांबर शोधते आणि माणसाच्या वाटेला फारशी जात नाही. पण हिचा निम्फ माणसाला चावण्यात कोकणातल्या सगळ्या गोचिडींच्या पुढे. माकडतापाचा (क्यासनूर जंगल तापाचा) विषाणू प्रामुख्याने हिच्यामार्फत पसरतो. लार्वा उंदरावर किंवा माकडावर जेवताना विषाणू घेतो, कात टाकल्यावर तो निम्फच्या अंगात टिकतो, आणि निम्फ माणसाला चावला की आजार पोचतो. हा रोग १९५७ साली कर्नाटकातल्या शिवमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ साली, सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ च्या सुरुवातीला आणि पुढच्या हंगामात बांदा परिसरात तो दिसला. हिचीच बहीण हिमाफिसॅलिस टर्टुरिस हीदेखील विषाणू वाहते आणि तिचे निम्फही माणसाला चावतात. दोघींत फरक करायला सूक्ष्मदर्शक लागतो. बागेतल्या माणसाला तो करायची गरज नाही, काळजी दोघींची सारखीच घ्यायची.

रानडुकराची गोचीड, डर्मासेंटर ऑरेटस, पाठीवरच्या पांढुरक्या-सोनेरी नक्षीवरून लगेच ओळखू येते. मोठी गोचीड डुकरावर असते, निम्फ माणसाला चावतो, आणि त्याची खोड म्हणजे कानाच्या नळीत शिरणं. श्रीलंकेत कानातल्या गोचिडीचे असे रुग्ण नेहमी येतात. डुकरांनी उकरलेल्या पाणथळ कडेला बसल्यानंतर किंवा तिथून लाकूडफाटा डोक्यावरून आणल्यानंतर कानात अचानक तीव्र कळ आली, तर टाचणी, काडी किंवा कानकोरणं घालू नका. चिकटलेली गोचीड ओढताना पडद्याला इजा होते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

बाकीच्या थोडक्यात. घोरपडीच्या किंवा सापाच्या खवल्यांत दिसते ती अँब्लिओमा गेरवायसी. दिसायला भयंकर, माणसाशी तिला फारसं देणंघेणं नाही. कोंबड्यांच्या खुराड्यातली आर्गस ही मऊ कातडीची, चपटी. दिवसा फळ्यांच्या फटीत आणि रात्री बाहेर. अर्ध्याएक तासात पिऊन पसार होते, म्हणून सकाळी फक्त चट्टे दिसतात. खुराड्याला लागून झोपणाऱ्यालाच ती चावते.

हायलोमा मात्र वेगळी. लांब पाय, पायांवर फिके पट्टे, मोठी. ही पानावर वाट बघत बसत नाही, चाहूल लागली की जमिनीवरून धावत येते. ही कोरड्या मुलखातली, त्यामुळे कोकणच्या दमट पट्ट्यात कमी. पण घाटावरून किंवा गुजरातकडून आणलेल्या गुरा-शेळ्यांवर येऊ शकते. गुजरातेत २०११ साली आढळलेला काँगो ताप हिच्यामार्फत आणि आजारी जनावराच्या रक्ताच्या संपर्कातून पसरतो. पालघर जिल्ह्यात २०२० साली याच कारणाने सावधगिरीचा इशारा दिला गेला होता. बाजारातून आणलेल्या बकऱ्याच्या गोचिडी उघड्या हाताने चिरडू नयेत, त्याचं कारण हे.

पंचांग बघून चाला

हिमाफिसॅलिस स्पिनिजेराचं वर्षाचं गणित ठरलेलं आहे. पूर्ण वाढलेल्या गोचिडी पावसाळ्यात, मृगापासून साधारण नवरात्रापर्यंत, गुरांवर दिसतात. त्यांची अंडी फुटून दसरा-दिवाळीच्या सुमारास लार्वा बाहेर येतात. डिसेंबरपासून निम्फ दिसू लागतात आणि मे संपेपर्यंत राहतात, जानेवारी ते एप्रिल सगळ्यात जास्त. आणि नेमके हेच महिने काजू वेचायचे, कवळ तोडायचे, भाजावळीचा पातेरा गोळा करायचे, जंगलातून जळण आणायचे. माकडताप बागायतदाराचा आणि मजुराचा आजार झाला, त्याला हा योग कारणीभूत आहे.

पावसाळ्यात पायाला चिकटलेली तिळाएवढी गोचीड आणि शिमग्याच्या सुमाराला चिकटलेला खसखशीएवढा ठिपका यांत दुसऱ्याला जास्त मान द्या.

आपल्या बागेत किती आहेत, हे कापडाने बघा

अंदाजाने बोलण्यापेक्षा मोजता येतं. खर्च दीड-दोनशे रुपयांचा.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद पांढरं फ्लॅनेल घ्या. गुळगुळीत टेरिकॉट चालत नाही, गोचिडीच्या पायाला धरायला लव लागते. पुढच्या कडेला बांबूची काठी शिवा, मागच्या कडेला नेफा करून त्यात वाळू भरा किंवा बारीक साखळी घाला, म्हणजे कापड पातेऱ्याला टेकून राहील. काठीच्या दोन टोकांना दोन मीटर दोरी. कापड साध्या साबणाने धुवा, वासाची पावडर किंवा फिनेलशेजारी ठेवू नका.

दव सुकल्यावर सुरुवात करा. कोकणात जानेवारीत ती वेळ साधारण नऊची. ओल्या कापडाला गोचीड चिकटत नाही, आणि सकाळी सातला फिरवून ‘आमच्याकडे नाहीत’ म्हणणाऱ्यांची चूक इथेच होते. दुपारी उन्हाने पातेरा तापला की त्या खाली ओलाव्यात जातात, म्हणून अकराच्या आत संपवा. गमबूट घाला, पँट आत खोचा, आणि कापड तुमच्या मागे नव्हे, शेजारून ओढा, नाहीतर वाटेतल्या गोचिडी आधी तुम्हालाच चिकटतील.

एका सेकंदाला एक पाऊल, यापेक्षा वेगात नको. दहा मीटरवर थांबा, कापड उलटवा, दोन्ही बाजू बघा. चालणारे ठिपके सेलोटेपने उचला. असे दहा पट्टे झाले की १०० चौरस मीटर झाले. काजूखाली पाच, पाणंदीच्या कडेने दोन, देवराईच्या कडेला किंवा जंगलाला लागलेल्या वईजवळ (कुंपणाजवळ) तीन, असे पट्टे वाटा. उघड्या कातळावर वेळ घालवू नका, तिथे सावली नाही, ओल नाही, गोचिडीही फारशा नसतात. वहीत तारीख, जागा, लार्वा किती, निम्फ किती, एवढंच लिहा.

शून्य आलं म्हणजे बाग स्वच्छ, असं समजू नका. त्या क्षणी वर येऊन बसलेल्यांतल्याही थोड्याच कापडाला लागतात. दर पंधरा दिवसांनी त्याच पट्ट्यांवर फिरवा, आकडा वाढतो की उतरतो हे कामाचं. एखाद्या कोपऱ्यात दरवेळी निम्फ मिळत असतील, तर तिथलं काम हंगामात सगळ्यात शेवटी आणि पूर्ण कपड्यांत करा.

नमुना ठेवायचा तर लहान बाटलीत ७० टक्के अल्कोहोल (हाताच्या पातळ सॅनिटायझरने चालतं, जेलने नाही) आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत टाका. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. ही बाटली फक्त जात ओळखायला. विषाणू तपासण्यासाठी गोचिडी गोळा करणं आरोग्य खात्याच्या पथकाचं काम आहे.

काजूच्या हंगामातले कपडे आणि कामाची पद्धत

फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, पायजमा किंवा पँट मोज्यात खोचलेली, वर गमबूट. गमबुटाच्या वरच्या कडेखाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप एक वेढा लावली तर वर चढणारे निम्फ तिथेच अडकतात. दुपारी काढून बघितली की किती जण वाटेवर होते ते कळतं, आणि ते बघितल्यावर घरातला सगळ्यात बेफिकीर माणूसही मोजे घालतो. साडीत काम करणाऱ्या बायकांनी आत पायघोळ लेगिंग आणि मोजे घालावेत. नुसती साडी वर खोचल्याने पोटऱ्या उघड्या राहतात, आणि निम्फ गुडघ्याच्या खालीच असतात.

उघड्या कातडीला डेपा तेल लावा. संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने तयार केलेलं हे रसायन माकडतापाच्या गावांत आरोग्य केंद्रातून वाटलं जातं. ते नसेल तर २० ते ३० टक्के डीईटी असलेलं मलम. नळीवरची टक्केवारी वाचा, डासांसाठीच्या साध्या क्रीममध्ये ती बरीच कमी असते आणि लवकर उतरते. हात, मान, कानामागे, घोटे. डोळे, ओठ, जखम टाळा. घाम आला की चार तासांनी पुन्हा लावा, घरी आल्यावर साबणाने धुवा. दोन महिन्यांखालच्या बाळाला डीईटी लावू नये. करंजेल किंवा खोबरेल लावून जाणारे बरेच आहेत. न लावण्यापेक्षा बरं म्हणता येईल, पण त्यावर भिस्त ठेवून बाह्या वर करू नका.

कपड्यांपेक्षाही एक सवय जास्त महत्त्वाची आहे: पातेऱ्यावर बसू नका. बोंडं पिळून बी वेगळी करायला, भाकरी खायला, अंग टेकायला माणूस काजूच्या सावलीत बसतो, आणि उभ्या माणसाला जे गुडघ्याखाली गाठतात ते बसलेल्याला कमरेला आणि पाठीला गाठतात. बोंडं टोपलीत भरून कातळावर, खळ्यात किंवा मांगराच्या ओट्यावर आणा आणि बी तिथे काढा. वेचताना काठीला खिळा ठोकून टोचून उचला. झाडाखालचा पातेरा हंगामाआधी, नोव्हेंबरात, दाताळ्याने ओढून झाडाच्या घेराबाहेर काढला की वेचणंही सोपं होतं आणि गोचिडीचा ओलावाही जातो. तो पातेरा घराच्या परड्यात किंवा गोठ्यात अंथरायला मात्र आणू नका. जंगलातला कोरडा पाला गुरांखाली पसरणं म्हणजे निम्फना घरपोच आणणं. गोचिडींचा उपद्रव असलेल्या गावांत भाताचा पेंढा वापरावा.

घरी आल्यावर

कपडे खाटेवर टाकायचे नाहीत. बाहेर काढून कढत पाण्यात भिजवा. हात घालवत नाही इतकं गरम, ५५ अंशांच्या वर. थंड पाण्यात कितीही आपटले तरी गोचीड मरत नाही. मग कडक उन्हात वाळवा.

दोन तासांच्या आत गरम पाण्याने, साबण आणि घासणी घेऊन अंघोळ करा. न चिकटलेल्या धुतल्या जातात, चिकटलेल्या बोटाला लागतात. मग उजेडात तपासणी. कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, बेंबीत, नाडीच्या आणि कमरपट्ट्याच्या रेषेत, जांघेत, गुडघ्यामागे, पायाच्या बोटांच्या बेचक्यात. डोळ्यांपेक्षा बोटांची टोकं भरवशाची: काल नसलेला तीळ आज हाताला खरखरीत लागला तर भिंग आणा. पाठ दुसऱ्याने बघायची. मुलांचं डोकं रोज.

काढायची कशी

टोकदार चिमटा घ्या, भुवया काढायचा चपट्या टोकाचा नको. गोचिडीचं पोट न दाबता, कातडीला अगदी टेकवून तोंडाजवळ पकडा आणि सरळ वर, सावकाश, एकसारखा ताण देत ओढा. पिरगाळायचं नाही, झटका द्यायचा नाही. गोचीड तोंडाभोवती सिमेंटसारखा पदार्थ सोडून घट्ट बसलेली असते, ती सुटायला दहा-पंधरा सेकंद लागू शकतात. चिमटा नसेल तर शिवणाच्या दोऱ्याची गाठ तोंडाभोवती कातडीलगत आवळून वर ओढा.

रॉकेल, चुना, तंबाखूचं पाणी, जळती उदबत्ती, व्हॅसलीन यांपैकी काहीही लावू नका. गुदमरलेली किंवा भाजलेली गोचीड पोटातला माल जखमेत ओकते, आणि आपल्याला तेच टाळायचं असतं. नखाने चिरडली तर तोच माल बोटाच्या चिरेतून आत जाऊ शकतो. तोंडाचा तुकडा आत राहिला तर कूस गेल्यासारखा समजा. सुईने उकरू नका, कातडी त्याला काही दिवसांत बाहेर टाकते. जागा साबणाने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावा. लार्वांचा घोळका पायावर चढला असेल, तर एकेक उपटत बसू नका. रुंद सेलोटेप चिकटवून ओढा, न चावलेले सगळे त्यावर येतात, उरलेले चिमट्याने.

काढलेली गोचीड टेपमध्ये सीलबंद करून कागदावर चिकटवा, तारीख आणि जागा लिहा. ताप आला तर डॉक्टरांना हा कागद उपयोगी पडतो. ताप आला नाही तर महिन्याने फेकून द्या.

ताप आला तर

माकडतापाची लक्षणं चाव्यानंतर ३ ते ८ दिवसांत दिसतात. अचानक जोराचा ताप, कपाळ फुटेल असं डोकं, कंबर आणि पोटऱ्या पिळवटून निघणं, उलट्या, कधी हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. काही रुग्णांत ताप उतरतो, आठवडा-दोन आठवडे बरं वाटतं आणि मग पुन्हा ताप, डोळ्यांना त्रास, चक्कर, बरळणं असा दुसरा फेरा येतो. म्हणून पहिल्या उतारावर हुरळून लगेच बागेत जाऊ नये. मृत्यूचं प्रमाण ३ ते ५ टक्के सांगितलं जातं. विषाणूवर खास औषध नाही, पण वेळेवर सलाईन, रक्तस्रावाकडे लक्ष आणि दवाखान्यातली देखभाल यांनी बहुतेक जण बरे होतात. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकायचं कारण नाही.

गोचीड-टायफसचं चित्र वेगळं: ताप, अंगावर पुरळ (तळहात-तळपायांवरही), चावलेल्या जागी काळी खपली. त्यावर डॉक्सिसायक्लिन चांगलं लागू पडतं आणि डॉक्टर संशयावरूनही सुरू करतात. खपली कपड्याखाली लपलेली असते, ती स्वतःहून दाखवा.

दोन्ही वेळा डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं ते हे: ‘बागेत किंवा जंगलात जाणं होतं, अमुक तारखेला गोचीड चावली.’ फेब्रुवारी-मार्चमधल्या तापाला कोकणात डेंग्यू किंवा साधा ताप म्हणून उपचार होण्यात आठवडा जातो, आणि माकडतापाचा विषाणू रक्तात शोधायला पहिला आठवडाच महत्त्वाचा असतो. माकडतापावर पूर्वी दिली जाणारी लस पुरेशी परिणामकारक ठरत नसल्याने कर्नाटकाने २०२२ मध्ये थांबवली. जुनी मात्रा घेतलेल्यांनीही कपड्यांत सूट घेऊ नये.

मेलेलं माकड

वानर किंवा केलडं (लाल तोंडाचं माकड) मरून पडलं की अंग गार होतं आणि त्याच्यावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पातेऱ्यात पसरतात. त्यांतल्या बऱ्याच विषाणू घेतलेल्या असू शकतात. म्हणून ते ओढून पुरायला जाऊ नका, जवळ उभं राहून फोटोही नकोत. गुरं आणि कुत्रे दूर ठेवा, प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वनरक्षकाला त्याच दिवशी कळवा. त्या जागेभोवती ५० मीटरच्या घेरात मॅलॅथिऑनची भुकटी मारायची पद्धत आहे, आणि ते काम झाल्यावरही त्या बाजूची काजू त्या हंगामात सोडून द्यावी. दहा-वीस किलो बी गेली तर गेली.

गोठा आणि कुत्रा

गुरांना माकडताप होत नाही, पण जंगलात चरून आलेली गाय पोटभरल्या माद्या घराच्या परड्यात आणून पाडते. त्यांचीच पिल्लं पुढच्या हंगामात तुमच्या पायाशी असतात. त्यामुळे गुरांवरचा उपाय मार्गशीर्षात करून उपयोग नाही, तोपर्यंत निम्फ जमिनीवर उतरलेले असतात. पावसाळ्यातच करायला हवा. फवारा पावसाने धुतला जातो, म्हणून त्या दिवसांत पाठीवर ओतायचं १ टक्का फ्लुमेथ्रिन बरं पडतं: दर १० किलो वजनाला १ मिली, मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत कण्याच्या रेषेत. कोकण कपिलासारख्या २०० ते २५० किलोच्या गाईला २० ते २५ मिली. ओतल्यावर काही तास जनावर कोरड्यात ठेवा. अंदाजाने अर्धीच बाटली वापरली की अर्धवट विष पचवलेल्या गोचिडी उरतात आणि पुढच्या वर्षी तेच औषध लागू पडत नाही.

पाऊस सरल्यावर १२.५ टक्के अमिट्राझ, २ मिली एका लिटर पाण्यात, मोठ्या जनावराला ३ ते ४ लिटर. कानाच्या पाळ्या, शेपटीखाली, मांड्यांच्या बेचक्यात, आचळांभोवती पोचलं पाहिजे. नुसती पाठ भिजवणं फुकट. द्रावण त्याच दिवशी संपवा, पाण्यात मिसळलेलं अमिट्राझ ठेवल्यावर उतरतं. फवारण्याआधी जनावराला पोटभर पाणी पाजा, तहानलेलं जनावर अंग चाटतं. २१ दिवसांनी पुन्हा, कारण गुरांच्या गोचिडीचा अंगावरचा फेरा तेवढाच. दूध किती दिवस काढून टाकायचं ते बाटलीवर बघा आणि पाळा. हाताने काढलेल्या टपोऱ्या गोचिडी शेणात टाकू नका, तिथेही त्या अंडी घालतात. साबणाच्या कढत पाण्यात टाका.

कुत्र्याला दिलेली गोळी फक्त कुत्र्यावरच्या मारते. अफोक्सोलॅनर महिनाभर चालतं, फ्लुरालॅनर दोन ते तीन महिने, वजनाप्रमाणे पशुवैद्याकडून. एक मादी चार हजारांपर्यंत अंडी घालू शकते आणि ती चिऱ्याच्या सांध्यात असतात. म्हणून गोळीबरोबरच पडवीच्या भिंतीचे सांधे तारेच्या ब्रशने खरवडा, चुना-सिमेंटने दर्जा भरा, कुत्र्याचं पोतं जाळा. जुन्या घरात सगळे सांधे भरणं शक्य नसेल, तर निदान जमिनीपासून वर चार फूट आणि चौकटींच्या कडा. आणि औषध मध्येच बंद करू नका. भिंतीतल्या उपाशी गोचिडी महिनोन्‌महिने जगतात. औषध घेतलेला कुत्रा त्यांच्यासाठी सापळा असतो, तो सापळा निदान सहा महिने चालू राहू द्या. मांजर असेल तर कुत्र्याचं पर्मेथ्रिन किंवा अमिट्राझ तिच्या आसपासही ठेवू नका, मांजरांना ती दोन्ही विषारी.